बाग विकणे आहे, असं सरळ लिहा

मलिहाबादच्या आमराईत, लखनौपासून अर्ध्यापाऊण तासावर, नवाबी थाटाचं फार्महाऊस विकणे आहे. या वळणाच्या जाहिरातींतल्या किमतीशी माझं काही भांडण नाही. आपल्या पैशानं कुणी काय घ्यावं हा ज्याचा त्याचा प्रश्न. भांडण आहे ते या व्यवहाराच्या समर्थनार्थ जे ऐकवलं जातं त्याच्याशी. म्हणणं साधारण असं असतं: बागा म्हाताऱ्या झाल्या, बागवानाला परवडत नाही, शहर काही थांबणार नाही. मग दहा मजली इमारत उठवणाऱ्या बिल्डरपेक्षा दोन बिघ्यांत एकच देखणं घर बांधून भोवतीची झाडं राखणारा हौशी माणूस बरा नाही का? शिवाय लखनौची रीतच ही. नवाब तरी काय करत होते? शहराबाहेर बाग आणि बागेत कोठी.

हे ऐकायला समंजस वाटतं, म्हणूनच त्याचा समाचार घ्यायला हवा. उघड्या लोभाला कायदा थोडाफार अडवतो. बाग वाचवत असल्याच्या थाटात बाग संपवणाऱ्याला कुणीच अडवत नाही.

आधी झाडं राखण्याबद्दल, कारण सगळी इमारत याच एका दाव्यावर उभी आहे. मलिहाबाद, काकोरी, माल, बख्शी का तालाब हा लखनौभोवतीचा आंब्याचा पट्टा दशहरीचा आहे. काकोरीजवळच्या ज्या गावावरून या आंब्याला नाव पडलं, तिथलं मूळ झाड अजून उभं आहे. २००९ मध्ये ‘मलिहाबादी दशहरी’ला भौगोलिक मानांकन मिळालं. पण दशहरी हा शोभेचा वृक्ष नव्हे. तो मनासारखं वागवलं तरच फळतो, आणि तेही बहुधा एक वर्षाआड. ऑक्टोबरपासून मोहोर येईपर्यंत त्याला पाणी द्यायचं नसतं. ताण बसला तर डोळ्यातून मोहोर निघतो. पाणी मिळालं तर झाड खुशाल पालवत बसतं. कोकणातल्या किंवा नागपूरच्या संत्रापट्ट्यातल्या वाचकाला ताण म्हणजे काय हे समजावून सांगायला नको.

आता फार्महाऊस डोळ्यांपुढे आणा. त्यात हिरवळ असतेच, आणि उत्तरेतली हिरवळ खरी मिरवते ती थंडीत. लग्नं थंडीत, पाहुणे थंडीत, शेकोटीभोवतीच्या मैफली थंडीत. म्हणजे ज्या तीन-चार महिन्यांत आंब्याच्या बुडाशी पाणी जायला नको, नेमक्या त्याच महिन्यांत तुषारसिंचन रोज चालणार. त्याआधी जमीन सपाट करायला भराव पडलेला असतो आणि आंब्याच्या अन्न घेणाऱ्या मुळ्या वरच्याच थरात असल्यामुळे त्या गुदमरतात. गाडी वळावी म्हणून फरशी येते, कुंपणाच्या पायासाठी चर खणला जातो. झाड लगेच मरत नाही. काही वर्षं ते हिरवंगार दिसतं, फोटोत छान येतं, फक्त आंबे देत नाही. मालक पाहुण्यांना सांगतो, ‘सगळी झाडं राखली आहेत.’ खोटं बोलत नाही बिचारा. झाडं आहेत, बाग नाही.

शिवाय बाग कधी एकट्याची नसते. डिसेंबर-जानेवारीत पिठ्या ढेकणाची पिल्लं जमिनीतून निघून खोडावर चढू लागतात, त्याआधी प्रत्येक खोडाला प्लॅस्टिकचा पट्टा आवळून ग्रीस लावावं लागतं. मोहोराच्या वेळी तुडतुडे आणि भुरी. दाटलेल्या, न छाटलेल्या, न फवारलेल्या झाडांत तुडतुड्यांची पैदास उत्तम होते आणि पाहुणचार संपला की ते शेजारी जातात. दहा बिघ्यांच्या सलग बागेत मधोमध दोन बिघे ‘हौशी’ निघाले, तर उरलेल्या आठ बिघ्यांच्या बागवानाचा औषधाचा खर्च वाढतो. उलट बाजूनं, फेब्रुवारीत त्यानं पंप सुरू केला की कुंपणापलीकडे पोहण्याच्या तलावाकाठी बसलेल्यांना वास येतो. मग तक्रार होते, आणि तक्रार कुणाची ऐकली जाणार हे सांगायला ज्योतिषी नको.

नवाबांच्या दाखल्याकडे वळतो. हा दाखला देणाऱ्यांना त्यातलं थोडंच ठाऊक असतं, पण तो मजेशीर आहे. साधारण १८०० च्या सुमारास नवाब सआदत अली खान यांच्यासाठी गोमतीकाठी दिलकुशा कोठी उभी राहिली. ती उठवली नवाबांचा इंग्रज मित्र मेजर गोर ऊझली यानं, आणि नमुना घेतला थेट इंग्लंडच्या नॉर्थंबरलंडमधल्या सीटन डेलावल हॉलचा. म्हणजे आज ज्याला अस्सल लखनवी थाट म्हणून विकतात त्याचं एक मूळ परक्या देशातल्या जमीनदाराच्या हवेलीच्या नकलेत आहे. नकल वाईट नव्हती. लखौरी विटांची आणि चुन्याची ती कोठी शिकारीच्या आणि हवापालटाच्या सोयीची होती. पुढे १८५७ च्या धामधुमीत तिच्यावर तोफा चालल्या आणि लखनौहून माघार घेताना इंग्रज जनरल हॅवलॉक नोव्हेंबरात तिथेच मेला. आज तिचे पडके मनोरे तेवढे दिसतात.

पण नवाब बाग फोडून तिचे तुकडे विकत नव्हते. राजानं बाग लावायची आणि तीत एक कोठी बांधायची, ही दरबारी ऐपतीची गोष्ट झाली. वाढत्या शहराच्या वेशीवरची दोनशे घरं प्रत्येकी दोन बिघे घेऊन बसतात, ही वेगळीच. आणि त्या नवाबी बागांचं पुढे काय झालं? चारबाग म्हणजे आज रेल्वे स्टेशन, १९१४ मध्ये त्याची पायाभरणी झाली. आलमबाग म्हणजे बसस्थानक आणि बाजार. ऐशबाग, लालबाग, खुर्शीदबाग हे मोहल्ले आहेत. ज्या कैसरबागेत भातखंड्यांच्या नावाचं संगीत विद्यापीठ आहे, तिथे सूर भरपूर ऐकू येतात. बागेचं विचाराल तर रस्ते आणि चौकच दिसतील. लखनौचा नकाशा बागांच्या नावांनी भरला आहे आणि त्यातली एखाददुसरी सोडून बाकीच्या जागी झाडंच नाहीत. तगली ती सिकंदरबाग, आणि त्याचं कारण लक्षात घेण्यासारखं आहे: तिथे वनस्पती उद्यान झालं, १९५३ मध्ये ते वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनं घेतलं आणि आज तिथे राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था आहे. झाडांवाचून जिचं काम चालत नाही अशी संस्था तिथे बसली, म्हणून झाडं राहिली. नवाबांचा दाखला द्यायचाच असेल तर तो पूर्ण द्यावा.

आमराईतलं राहतं घर ही जुनी चाल आहे, असंही भासवलं जातं. मला तसं दिसत नाही. मलिहाबादचा बागवान कसब्यात राहतो. बागेत असते ती हंगामापुरती राखणदाराची झोपडी, खाटा, पेट्या भरायची सावली, आणि एप्रिलपासून जुलैपर्यंत रात्रीची आरोळी. आपल्याकडचं उदाहरण घ्या. कोकणात घर वाडीत असतं, माड-पोफळीत, कारण त्यांना बारमाही पाणी लागतं आणि माणसाचा वावर लागतो. हापूसची कलमं मात्र घरापासून लांब, कातळावर आणि उतारावर. तिथे असतो तो मांगर, आणि हंगामात त्यात राखणीला आलेले नेपाळी गुरखे. दोन्ही ठिकाणी शेतकऱ्याला एकच गोष्ट उमगलेली आहे, की आंब्याच्या बागेत माणसानं कामापुरतं जावं. तिथे मुक्काम ठोकायची कल्पना ज्याला बागेत काहीच काम नाही त्याचीच असू शकते.

कायद्याचा भाग थोडा रुक्ष आहे, तरी तो टाळता येणार नाही, कारण ‘माझी जमीन, माझी मर्जी’ हे या युक्तिवादाचं शेवटचं ठाणं. उत्तर प्रदेशचा जमीनदारी निर्मूलन कायदा १९५० चा, आणि १ जुलै १९५२ पासून जमीनदारांच्या जमिनी सरकारात जमा झाल्या. गावंच्या गावं गेली. पण जी थोडी जमीन जमीनदाराकडे भूमिधर म्हणून ठेवली गेली तिच्यात घरची शेती होती आणि त्याची बाग होती. अवधच्या कितीतरी बागा आज त्यांच्या वारसांकडे आहेत, त्या या सवलतीमुळे. सवलत कशाला दिली होती? बाग म्हणजे काय हेही त्या कायद्यानं ठरवून ठेवलं होतं: झाडं इतक्या संख्येनं असली पाहिजेत की, निदान पूर्ण वाढल्यावर तरी, त्या जमिनीचा मुख्य उपयोग दुसऱ्या कशासाठी करताच येऊ नये. या कसोटीला हिरवळीभोवती उभी बारा झाडं लावून पाहा. समाजानं एका पिढीला जे झाडांसाठी सोडलं, ते तिच्या नातवंडांनी चौरस फुटाच्या भावानं विकावं, आणि वर मालकीहक्काचं तत्त्वज्ञान सांगावं, हे मला पटत नाही. सगळ्या बागा अशा नाहीत, हे खरं. कित्येक नंतर लागल्या, कित्येक छोट्या शेतकऱ्यांनी पोटाला चिमटा घेऊन लावल्या. त्यांच्याबद्दल पुढे बोलतो.

आजचा रस्ता सोपा आहे. महसूल संहिता २००६ ची, लागू झाली २०१६ मध्ये. तिच्या कलम ८० खाली उपजिल्हाधिकाऱ्याकडून जमीन बिगरशेती जाहीर करून घ्यायची; एकदा तसं झालं की शेतजमिनीच्या हस्तांतरावरची बंधनं तिला लागू राहत नाहीत. शेतजमीन घेताना खरेदीदार शेतकरी असावा अशी अट तिथे मुळातच नाही, फक्त साडेबारा एकरांची मर्यादा. महाराष्ट्रात उलट आहे. कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. १९६६ च्या महसूल संहितेतली शेतघराची व्याख्या तर वाचण्यासारखी आहे: अवजारं, खत, वैरण, धान्य, गुरं, शेतकऱ्याचं कुटुंब आणि गडीमाणसं, म्हणजे कसण्याच्या कामाचा भाग असलेली इमारत. कर्जत, मुळशी, अलिबाग इथल्या शेतघरांत शेवटची वैरण कधी पडली होती ते त्यांच्या मालकांनाच विचारा.

या दोन कायद्यांची गाठ एकदा फार गाजावाजानं पडली होती. अमिताभ बच्चन यांनी मावळात पवनेच्या परिसरात जमीन घेतली, आणि ते शेतकरी असल्याचा आधार म्हणून लखनौच्या शेजारच्या बाराबंकी जिल्ह्यातल्या दौलतपूरची जमीन पुढे आली. २००७ मध्ये फैजाबादच्या महसूल अधिकाऱ्यांपुढे ती नोंद टिकली नाही. त्याच वर्षी डिसेंबरात अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठानं बच्चन यांनी स्वतः फसवणूक केलेली नाही असं म्हणून त्यांना दिलासा दिला. मला त्या प्रकरणात बच्चन यांच्याविरुद्ध काही म्हणायचं नाही. मला त्यात दिसते ती दोन राज्यांची चौकशीची पद्धत. महाराष्ट्र विचारतो, घेणारा कोण? उत्तर प्रदेश विचारतो, किती घेणार? त्या जमिनीवर उद्या काय पिकणार, हा प्रश्न दोन्हीकडच्या तलाठी-लेखपालांच्या कागदांत नाही. त्यामुळे ‘सगळं कायदेशीर आहे’ हे उत्तर खरं असूनही माझ्या आक्षेपाला लागू पडत नाही.

आता त्यांच्या सगळ्यात सबळ मुद्द्याकडे. बागवानाला परवडत नाही. हे अगदी खरं आहे आणि फार्महाऊसविरोधी शहरी मंडळी हे सोयीनं विसरतात. दशहरी सगळा एकदम जूनमध्ये येतो, बाजार कोसळतो. फळ टिकत नाही. चांगल्या वर्षाच्या मागे रिकामं वर्ष असतं. २०२२ च्या मार्चमध्ये उष्णतेनं कहर केला आणि लखनौच्या पट्ट्यात फळ धरलंच नाही म्हणावं इतकं पीक गेलं. बरेच मालक मोहोरावरच बाग ठेकेदाराला देऊन मोकळे होतात. मग झाडाच्या पुढच्या दहा वर्षांची काळजी घेणारा कुणीच उरत नाही, कारण ठेकेदाराला याच हंगामाचं पडलेलं असतं. अशा माणसाला, ‘तू बाग विकू नकोस, आम्हाला ती गाडीतून बघायला आवडते’, असं सांगायचा मला अधिकार नाही.

पण त्याचं दुखणं खरं म्हणून फार्महाऊस हे औषध ठरत नाही. उलट त्यानं दुखणं वाढतं, आणि ते असं. फार्महाऊसचा गिऱ्हाईक जो भाव देतो तो आंब्याचा नसतो. तो किसान पथ या लखनौभोवतीच्या वळणरस्त्याचा असतो, काकोरीच्या बाजूनं जाणाऱ्या आग्रा एक्स्प्रेसवेचा असतो, २०२४ मध्ये लखनौसह सहा जिल्ह्यांचा राज्य राजधानी प्रदेश जाहीर झाला त्याचा असतो. एका तुकड्याला तो भाव मिळाला की शेजारच्या दहा बागांचाही तोच भाव होतो. मग ज्या वारसाला बाग लावायची आहे त्याला आपल्याच भावंडाचा हिस्सा घेता येत नाही, कारण सात जन्म दशहरी विकून ती रक्कम उभी राहणार नाही. बागवानीसाठी जमीन घेणारा गिऱ्हाईक बाजारातून उठतो. आणि मग सगळे मान हलवत म्हणतात, बघा, बागवानी कुणालाच नको आहे!

बागा म्हाताऱ्या झाल्या हेही अर्धंच खरं आहे. लखनौच्या दारात, काकोरीतल्या रहमानखेड्याला, १९७२ पासून आंब्यावर संशोधन चाललं आहे. आज तिथे केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्था आहे. चाळीस-पन्नास वर्षांची, एकमेकांत शिरलेली झाडं डिसेंबरात खालपर्यंत छाटायची, नवी फूट निवडून ठेवायची, म्हणजे साधारण तिसऱ्या वर्षापासून झाड पुन्हा चांगलं फळ धरतं, हे तिथल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं आहे. अडचण मधल्या वर्षांची. तोवर बागवान खाणार काय? छाटायला मजूर, औषधं, आणि उत्पन्न शून्य. बाग वाचवण्यासाठी पैसा नेमका कुठे हवा आहे, याचं उत्तर इथे आहे. ज्या हौशी माणसाला आमराईचं प्रेम आहे त्यानं बागवानाशी सात वर्षांचा करार करावा, छाटणीचा खर्च द्यावा, फळात वाटा घ्यावा. त्यात कुंपण नाही, तलाव नाही आणि घराचा फोटोही नाही. म्हणून तो प्रस्ताव कुणी आणत नाही.

आणि बागवानाला आंबा सोडायचाच असेल तर सोडू द्या. त्यानं पेरू लावावा, भाजी करावी, परवानगी काढून झाडं तोडावीत. त्याचा मुलगा उद्या पुन्हा कलमं लावू शकतो. कुंपण, भराव आणि कलम ८० चा दाखला यांच्यावरून सहसा कुणी परतत नाही. दिल्लीच्या छतरपूरमध्ये शेतघराच्या नावाखाली काय उभं राहिलं ते पाहायला तिकीट काढावं लागत नाही. तिथे लग्नाची पत्रिका आली की कळतंच. शेवटी २०१३ मध्ये दिल्लीनं त्या घरांना कमी घनतेचे निवासी भूखंड म्हणून मान्यता देऊन टाकली आणि शेतीचा उरलासुरला मुखवटाही उतरवला. लखनौनं तेवढा प्रामाणिकपणा आधीच दाखवला तर निदान जाहिरातीत आंब्याचं चित्र छापायची गरज उरणार नाही. रस्त्याला लागून जमीन, झाडं काढून मिळतील, एवढं लिहिलं तरी भाव तोच येईल.

राहता राहिला घराच्या व्यक्तिमत्त्वाचा प्रश्न. सिमेंटच्या साच्यातून काढलेल्या महिरपी आणि वर अवधच्या राजचिन्हातले दोन मासे चिकटवले की नवाबी थाट होतो, अशी समजूत दिसते. ज्याला खरोखर जुनं घर हवं आहे त्याच्यासाठी मलिहाबाद आणि काकोरी हे दोन्ही कसबे आहेत. शायर जोश मलिहाबादी ज्या बागाईतदार पठाण घराण्यांतले, त्या घराण्यांची वस्ती कसब्यात होती, आमराईत नव्हे. लखौरी विटांच्या, सुर्खी-चुन्याच्या हवेल्या तिथे ढासळत आहेत. त्या घ्यायला हे रसिक येत नाहीत, कारण गल्लीत गाडी वळत नाही, खरेदीखतावर बारा वारसांच्या सह्या लागतात, चुन्याचं काम येणारा गवंडी शोधत हिंडावं लागतं आणि शेजारी न विचारता आत येऊन चहा मागतात. यातल्या गवंड्याची अडचण मी मोठी मानतो, बाकीच्या सोसण्यासारख्या आहेत. अशी हवेली घेतली तर एकही झाड पडत नाही, कलम ८० लागत नाही आणि घराला शंभरेक वर्षांचं वय आयतंच मिळतं. आंबे हवेत तर जूनमध्ये पलीकडच्या गल्लीतल्या बागवानाला सांगावं. तो पेटी घरपोच देतो.